मुंबई बंदरातून गेलेलं पत्र: सी. व्ही. रामन आणि समुद्राचा रंग

अवकाशातून समुद्रातलं प्लवक कसं मोजतात, हे नीट समजून घ्यायचं म्हणून काही महिन्यांपूर्वी मी नासाचा खुला सोर्स कोड उघडून बसलो होतो. उपग्रहाकडून आलेल्या कच्च्या आकड्यांमधून पाण्यातलं हरितद्रव्य काढणारा हा कोड आहे. बराचसा सी भाषेत आहे, जुना आहे आणि आपल्या ऑफिसातल्या कुठल्याही जुन्या कोडसारखाच थोडा भीतीदायक आहे. वातावरणाची एक फाईल, ओझोनची एक, लाटांवरच्या चकाकीची एक. आणि त्यातच एक फाईल दिसली, जिचं नाव फक्त ‘रामन’.

आधी वाटलं, कुणी प्रोग्रामर असेल. पण नाही, हे आपले शाळेतले रामन. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, प्रभातफेरी, निबंध स्पर्धा, तेच. शाळेत आम्ही त्यांच्याबद्दल पाठ केलेली गोष्ट अशी: बोटीवरून जाताना त्यांना समुद्र निळा दिसला, त्यांनी का असं विचारलं आणि त्यांना नोबेल मिळालं. मधली पायरी कोणीच सांगितली नाही. ती शोधायला गेलो तर कळलं की गोष्टीचं एक टोक आपल्या मुंबई बंदरात आहे आणि दुसरं टोक आज डोक्यावरून फिरणाऱ्या उपग्रहांत.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मुलाचं लहानपण त्या किनाऱ्यावरच्या गावात गेलं. यावरून समुद्राचं वेड लहानपणापासूनच होतं असं लिहायचा मोह होतो, पण तसा काही पुरावा नाही. पोरगा हुशार होता, एवढं मात्र नक्की. १९०४ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए. पहिल्या क्रमांकाने, १९०७ मध्ये एम.ए. आणि मधल्या काळात, १९०६ मध्ये, फिलॉसॉफिकल मॅगझीन या ब्रिटिश नियतकालिकात प्रकाशाच्या विवर्तनावर शोधनिबंध. वय अठरा.

पुढे काय? त्या काळात भारतात विज्ञानात करिअर नावाची गोष्टच नव्हती. हुशार पोरांनी सरकारी परीक्षा द्यायची. रामन यांनी वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. म्हणजे आपल्याकडे आईवडिलांना जे हवं असतं ते सगळं एका वर्षात आटोपलं.

पण कलकत्त्यात बहूबाजार रस्त्यावर त्यांना इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये उभी केलेली ही संस्था होती. इमारत होती, उपकरणं होती, संशोधन करणारं फारसं कोणी नव्हतं. रामन तिथे जाऊ लागले. सकाळी ऑफिसच्या आधी प्रयोगशाळा, दिवसभर हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा. मदतीला आशुतोष डे नावाचा एक सहायक. हा दिनक्रम दहा वर्षं चालला. मध्ये बदल्याही झाल्या: १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये आपलं नागपूर, मग परत कलकत्ता. नोकरी सांभाळून ‘साइड प्रोजेक्ट’ करणारे आम्ही लोक दोन वीकेंडमध्ये थकतो, म्हणून हे आकडे मला जास्त लागले.

त्या वर्षांत त्यांचा विषय समुद्र नव्हता, आवाज होता. व्हायोलिनची तार कशी कंप पावते, मृदंग आणि तबल्याच्या शाईमुळे सूर कसे जुळून येतात, यावर त्यांनी काम केलं. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जींनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद दिलं. पगार जवळजवळ निम्मा झाला. रामन यांनी सरकारी नोकरी सोडली.

बोटीवरचा प्रयोग

१९२१ मध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश साम्राज्यातल्या विद्यापीठांची परिषद होती. रामन पहिल्यांदाच परदेशी गेले. लंडनमध्ये सेंट पॉल चर्चच्या घुमटातली कुजबुज कशी ऐकू येते, याचेही त्यांनी प्रयोग केले. मग परतीचा प्रवास, पी अँड ओ कंपनीची ‘नारकुंडा’ नावाची बोट, भूमध्य समुद्र, सुवेझ, अरबी समुद्र आणि मुंबई.

त्या वेळी समुद्राच्या निळ्या रंगाचं उत्तर ठरलेलं होतं. लॉर्ड रॅले हे मोठं नाव. आकाश निळं का, हे त्यांनीच सांगितलं होतं: हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. समुद्राबद्दल त्यांचं म्हणणं होतं की खोल समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. आजही कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. मीही हेच दिलं असतं.

रामन यांच्या सामानात एक निकोल प्रिझम होता. निकोल म्हणजे कॅल्साइटच्या स्फटिकाचा तुकडा, जो एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडतो. पोलराइज्ड गॉगल घालून पाण्याकडे बघितलं की वरची चकाकी जाते आणि तळ दिसायला लागतो, तेच तत्त्व. पाण्याच्या पृष्ठभागावरून ठरावीक कोनात, साधारण ५३ अंशांत, परावर्तित झालेला प्रकाश जवळपास पूर्ण ध्रुवीकृत असतो. निकोल योग्य दिशेला फिरवला की तो प्रकाश गायब होतो. म्हणजेच आकाशाचं प्रतिबिंब पुसलं जातं.

आता हे डीबगिंगसारखं आहे. रॅले बरोबर असतील, तर प्रतिबिंब काढल्यावर निळा रंगही जायला हवा. रामन यांनी डेकवर उभं राहून निकोल डोळ्याला लावला. निळा गेला नाही. उलट जास्त गडद झाला. म्हणजे निळा प्रकाश पाण्याच्या आतून येत होता.

बोट मुंबईला लागली आणि २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचं, मुंबई बंदराचा पत्ता असलेलं पत्र ‘नेचर’ला गेलं. नोव्हेंबरमध्ये ते छापून आलं. त्यात मांडलेला मुद्दा असा की हवेसारखेच पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात आणि समुद्राचा निळा मुख्यतः त्यातून येतो. घरी जाऊन आवरून मग लिहू, असं त्यांनी केलं नाही. हा माणूस घाईचा होता, आणि ही घाई पुढेही त्यांच्या कामी आली.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. पाणी लाल रंग शोषून घेतं, याला रामन यांनी दुय्यम मानलं होतं. आज आपल्याला माहीत आहे की दोन्ही गोष्टी बरोबरीने लागतात: पाणी लाल-पिवळा भाग गिळतं आणि उरलेला निळा विखुरून परत वर पाठवतं. रॅले चुकले होते, रामन बरेचसे बरोबर होते, पूर्ण नाही.

समुद्रातून नोबेलकडे

कलकत्त्याला आल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना याच कामाला जुंपलं. पाणी, बर्फ, अल्कोहोल, बेन्झीन, जे स्वच्छ मिळेल त्यातून प्रकाश सोडायचा आणि बाजूने बघायचं. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याला पाण्यात एक विचित्र गोष्ट दिसली. निळा-जांभळा प्रकाश आत सोडला, तर विखुरलेल्या प्रकाशात थोडासा हिरवट भागही येत होता. अशुद्धीमुळे होणारी प्रतिदीप्ती असेल म्हणून पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केलं. हिरवट भाग जाईना. वहीत ‘दुर्बल प्रतिदीप्ती’ अशी नोंद झाली आणि विषय जवळजवळ तिथेच राहिला. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असा एक बग असतो, जो सगळ्यांना माहीत असतो आणि ज्याला ‘किरकोळ’ असं लेबल लावलेलं असतं.

१९२८ च्या सुरुवातीला के. एस. कृष्णन यांनी तो पुन्हा हातात घेतला. अनेक द्रवांत तो दिसला आणि मुख्य म्हणजे तो प्रकाश ध्रुवीकृत होता. साधी प्रतिदीप्ती तशी नसते. २८ फेब्रुवारीला स्पेक्ट्रोस्कोपमधून मूळ रंगाच्या शेजारी वेगळा रंग स्पष्ट दिसला, मग पाऱ्याच्या दिव्याने ठळक रेषा मिळाल्या. प्रकाशाचा कण रेणूवर आपटतो, रेणूला थोडी ऊर्जा देऊन टाकतो आणि स्वतः लांब तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. किती ऊर्जा जाते हे रेणूवर अवलंबून, म्हणून प्रत्येक पदार्थाची सही वेगळी. रामन यांनी लगेच जाहीर केलं. मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना त्याच सुमारास स्फटिकांमध्ये हेच दिसलं होतं, पण ते मागे पडले. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. कृष्णन यांना त्यात वाटा मिळायला हवा होता का, यावर अजूनही वाद होतात. माझ्या मते निदान नाव तरी जोडीने घेतलं जायला हवं होतं.

वाद निघालाच आहे तर दुसरी गोष्टही लिहितो, कारण विज्ञान दिनाच्या भाषणात ती येत नाही. १९३३ मध्ये रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. पहिले भारतीय संचालक. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून पहिली आलेली कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची बहीण, हिने तिथे अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेतून शिकलेले. रामन यांनी नकार दिला, कारण एकच: ती मुलगी होती. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. थेट बंगळूरला जाऊन त्यांनी जाब विचारला. शेवटी एक वर्ष परीक्षेवर घेतलं, तेही अपमानास्पद अटींवर, त्यातली एक अशी की तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांना तिचं काम मान्य करावं लागलं. पुढे याच कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. झाल्या, विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. पुराव्याशिवाय रॅलेचं ऐकायचं नाही म्हणणारा माणूस इथे मात्र पुरावा समोर उभा असताना ऐकायला तयार नव्हता. आपण पुतळे करतो तेव्हा हे खाली पडतं.

संचालकपदावर ते फार टिकले नाहीत. स्वभाव, पैशांचं वाटप, इतर विभागांशी भांडणं, सगळं मिळून १९३७ मध्ये पद सोडावं लागलं. प्राध्यापक म्हणून १९४८ पर्यंत राहिले, मग स्वतःच्या रामन संशोधन संस्थेत गेले. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. हिरे, फुलांचे रंग, डोळ्याला रंग कसा दिसतो, असं काहीतरी शेवटपर्यंत चालू होतं. सरकारी पैसा त्यांना आपल्या संस्थेत नको असायचा. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं.

विद्यार्थ्यांची वाट

आता गोष्टीचं दुसरं टोक. दुसऱ्या महायुद्धामुळे केंब्रिज सोडून परत आलेला विक्रम साराभाई नावाचा तरुण बंगळूरला रामन यांच्या हाताखाली वैश्विक किरणांवर काम करत होता. १९४७ मध्ये त्याने अहमदाबादला फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली. तिचे पहिले संचालक कोण? के. आर. रामनाथन, तोच पाण्यात हिरवट प्रकाश बघणारा विद्यार्थी. मधली बरीच वर्षं ते हवामान खात्यात होते, पुण्यातही होते. या लॅबमधून भारताचा अवकाश कार्यक्रम वाढला. डिसेंबर १९६८ मध्ये साराभाईंच्या बोलावण्यावरून म्हातारे रामन अहमदाबादला आले आणि आकाश निळं का, यावर मुलांसमोर बोलले.

रामन गेले तेव्हा भारताचा एकही उपग्रह नव्हता. २६ मे १९९९ ला ओशनसॅट-१ उडाला. त्यावरचा समुद्राचा रंग बघणारा कॅमेरा अहमदाबादच्याच स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवला होता. आठ रंगपट्टे, एका पिक्सेलमध्ये साधारण ३६० मीटर. २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ओशनसॅट-३, तेरा पट्ट्यांसह. स्वस्तातल्या उपकरणांचा अभिमान बाळगणारे रामन एवढा खर्च बघून कुरकुरले असते, असं मला वाटतं.

हे कॅमेरे मोजतात काय? वनस्पती प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं ते करतात, आणि बांगडा असो की सुरमई, सगळी मासळी शेवटी त्यांच्यावर जगते. त्यांच्यातलं हरितद्रव्य ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गिळतं. म्हणजे जिथे प्लवक जास्त, तिथून निळा कमी परत येतो आणि हिरवा तुलनेने जास्त. निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर काढा, हरितद्रव्याचा अंदाज मिळतो. अडचण अशी की उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला साधारण नव्वद टक्के भाग समुद्राचा नसतोच, मधल्या हवेचा असतो. तो वजा करावा लागतो, पृष्ठभागाची चकाकीही वजा करावी लागते. रामन यांनी डेकवर निकोल फिरवून जे केलं, तेच आता काही हजार ओळींचा कोड करतो.

मग ती फाईल कशाला? शुद्ध पाण्यातसुद्धा रामन परिणाम चालू असतो. पाण्याचा रेणू ४४० नॅनोमीटरचा निळा प्रकाश घेऊन त्यातला काही ५१७ च्या आसपास, म्हणजे हिरव्यात परत देतो. आता आकडे पुन्हा बघा. निळा कमी, हिरवा जास्त, हीच तर प्लवकाची खूण होती! म्हणजे प्लवक नसतानाही पाणी स्वतःच थोडंसं प्लवकासारखं सोंग घेतं. किनाऱ्याजवळ हे नगण्य असतं, पण भर समुद्रात, जिथे पाणी सर्वात स्वच्छ, तिथे हा हिस्सा दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. भौतिकशास्त्रावर आधारलेल्या पद्धतींत तो वजा केला नाही, तर उत्तर चुकतं. १९२३ चा किरकोळ बग शंभर वर्षांनी वेगळी फाईल होऊन बसलाय.

आणि हे थोडं चुकणं इथे परवडत नाही, कारण प्रश्न वर्षागणिक होणाऱ्या बारीक बदलाचा आहे. पहिला असा कॅमेरा नासाने १९७८ मध्ये निम्बस-७ वर पाठवला, तो १९८६ पर्यंत चालला. मग दहा वर्षं जवळपास काहीच नाही. सलग नोंद सुरू होते ती १९९७ च्या सीविफ्सपासून. प्रत्येक उपग्रहाचा कॅमेरा वेगळा, प्रत्येक जण म्हातारा होताना वेगळा चुकतो, आणि दोन नोंदींच्या सांध्यावर आलेली उडी समुद्रातली की कॅमेऱ्यातली, हे ठरवण्यात माणसांची अख्खी करिअर जातात. मी हौसेने आपल्या किनाऱ्यासमोरच्या चौकोनाचा आलेख काढून बघितला. जून ते सप्टेंबर सगळीकडे भोकं. ढग. अरबी समुद्रात प्लवक जेव्हा सर्वात जोमात असतं, नेमकं तेव्हाच वरून काही दिसत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते आपल्याच समुद्रात दिसलं. जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की १९९७ नंतरच्या काही वर्षांत पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी प्लवक ३५० टक्क्यांहून जास्त वाढलं. २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममधल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने सहा दशकांचा काळ घेतला, उपग्रहाला मॉडेलची जोड दिली, तेव्हा पश्चिम हिंद महासागरात २० टक्क्यांपर्यंत घट दिसली. एक वाढ, एक घट. क्षेत्र आणि ऋतूही वेगळे आहेत, पण मोठा फरक नोंदीच्या लांबीचा. हवामान बदलाचा ठसा हरितद्रव्यात खात्रीने दिसायला सुमारे ४० वर्षांची नोंद लागेल, असा एक अंदाज २०१० मध्ये आला होता. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये एका गटाने वेगळी वाट काढली: हरितद्रव्याचा एकच आकडा न धरता सगळ्या रंगपट्ट्यांकडे एकत्र बघितलं. अ‍ॅक्वा उपग्रहाच्या २० वर्षांत जगातल्या ५६ टक्के समुद्राचा रंग बदललेला निघाला, विशेषतः विषुववृत्ताच्या जवळ. प्लवक नेमकं वाढलं की कमी झालं, की फक्त प्रजाती बदलल्या, हे त्यातून ठरत नाही. मासेमारांसाठी मात्र हा फरक साधा नाही. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासे कुठे मिळतील याचे जे अंदाज किनाऱ्यावर येतात, ते याच रंगावर आणि तापमानावर काढलेले असतात.

शेवटी मी उगाच एक गोष्ट करून बघितली. रामन यांनी जिथून पत्र धाडलं, त्या मुंबई बंदराचा पिक्सेल शोधला. तिथे पाण्यात एवढा गाळ असतो की निळ्या-हिरव्याचं गणित कोलमडतं. चिखलाला कोड हरितद्रव्य समजतो, म्हणून बरेचदा तो भाग झाकूनच टाकलेला असतो. आमच्या विठ्ठलवाडीच्या वालधुनीचं पाणी उल्हास नदीत आणि पुढे खाडीत जातं, ते तर कुठल्याच पट्ट्यात बसणार नाही. सकाळच्या स्लो लोकलने मुंब्र्याजवळून जाताना खाडी दिसते, करड्या रंगाची. परवा ऑफिसातल्या मित्राचा पोलराइज्ड गॉगल मागून दारातून बघितलं. चकाकी गेली, करडा राहिला.